आत न आलेलं जहाज

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष बंदर अधिकारी साहेब, राजधानीतून खड्ड्यांचा रस्ता सोसत आलेले प्रमुख पाहुणे, आजच्या चहापाण्याचे यजमान पीठगिरणीचे मालक, मालवाहतूकदार संघटनेचे अध्यक्ष, व्यासपीठावर अवघडून बसलेले सत्कारमूर्ती पायलटसाहेब म्हणजेच आमचे भावोजी, पहिल्या रांगेतून मला आत्ताच "आवरतं घे" असं खुणावणारी माझी थोरली बहीण, आणि क्रेनवाले, टगवाले, हमाल, मोजणीदार, होडीवाले अशा माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

नमस्कार. ताई, अजून सुरुवातही केलेली नाही. डोळे नंतर वटार.

ज्यांना मी माहीत नाही अशा पाहुण्यांसाठी सांगतो. धक्क्याच्या फाटकासमोर जे लांबट दुकान आहे, ते माझं. जहाज धक्क्याला लागलं की त्याला भाजीपाला, पीठ, साबण, दोरखंड, बल्ब, सगळं पुरवायचं, हा माझा धंदा. व्यासपीठावरच्या विद्वानांत दुकानदार कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला. संयोजक म्हणाले, "तुम्ही पायलटसाहेबांचे मेहुणे, तुम्ही मोकळेपणी बोलाल." आता बोलावलंच आहे, तर ऐकून घ्या.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण फार अभ्यासपूर्ण झालं. सागरी व्यापार हा विकसनशील अर्थव्यवस्थेचा कणा आहे, असं ते म्हणाले. साहेब, पटलं. शंभर टक्के पटलं. पण कणा म्हणजे काय हे आम्ही दुकानातून पाहिलेलं आहे. माझ्या वडिलांच्या काळी जहाज यायचं ते यंत्रं घेऊन यायचं, खत घेऊन यायचं, आणि जाताना आमचं लाकूड, आमची पेंड, आमचं मीठ पोटात भरून जायचं. येताना जितकं खोल बुडालेलं, जाताना तितकंच. हळूहळू लाकूड संपलं. पेंडीचा कारखाना बंद पडला. मिठागरांवर प्लॉट पडले. मग जहाजं भरून यायची आणि रिकामी जायची. रिकामं जहाज पाण्यावर उंच तरंगतं, त्याचं लाल रंगवलेलं पोट दिसतं. माझे वडील दुकानाच्या पायरीवर उभे राहून ते लाल पोट बघायचे आणि म्हणायचे, "बघ, आज पुन्हा नुसता वारा भरून चाललंय." मी लहान होतो, मला तो रंग आवडायचा.

आणि जहाजं तरी कोणाची? आपली कधीच नव्हती. माल आपला, भूक आपली, घाम आपला; जहाज दुसऱ्याचं, भाडं दुसऱ्याचं, विमाही दुसऱ्याचा. आपलं म्हणावं असं एकच होतं, शेवटच्या त्या निमुळत्या पाण्यातून जहाज सुखरूप आत आणणारा माणूस. तो हा इथे बसलाय. भावोजी, मान वर करा जरा, फोटोवाला खोळंबलाय.

पायलट म्हणजे विमानाचा नव्हे हं. बाहेरच्या समुद्रावर जहाज नांगर टाकून उभं राहतं. त्याचा कप्तान कितीही मोठा असो, आमच्या खाडीतला गाळ त्याला माहीत नसतो. मग हा माणूस छोट्या लाँचमधून जातो, लाटेवर लाँच वर गेली की दोरीची शिडी पकडतो आणि चढतो. चुकलं तर खाली पाणी, आणि पाण्याच्या दोन्ही बाजूंना लोखंड. वर गेल्यावर कप्तानाला म्हणायचं, "नमस्कार, आता माझं ऐका." हे काम भावोजींनी आयुष्यभर केलं. ताईला बघायला आले त्या दिवशीसुद्धा जहाज लावूनच आले. इस्त्रीचा शर्ट, आणि दोन्ही तळहातांना शिडीचा काळा डांबरी डाग. आमची आई स्वयंपाकघरात कुजबुजली, "हात धुवायची पद्धत नाही वाटतं यांच्यात." ताई म्हणाली, "काम करणारे हात आहेत, मला चालतील." ताई, म्हणाली होतीस की नाही? बघा, आता लाजतेय.

असो. गाळावर येतो.

आमची खाडी दरवर्षी गाळानं भरते. तो काढत राहावा लागतो, नाहीतर वाट उथळ होते. गाळ काढणारं जहाज पूर्वी दर हंगामात यायचं. मग एक हंगाम सोडून यायला लागलं. मग "निविदा प्रक्रियेत आहे" असं उत्तर यायला लागलं. आमच्या भावोजींनी किती अर्ज केले असतील! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी वरून काय पाठवलं? गाळ काढणारं जहाज नाही. पाठवली क्रेन. तीच, जी तुम्हाला गावात शिरताना दिसली असेल, निळी, चर्चच्या मनोऱ्याहून उंच. उद्घाटनाला मंत्री आले, फीत कापली, पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली. आता गंमत ऐका. ज्या जहाजांना एवढी मोठी क्रेन लागते ती जहाजं आमच्या उथळ पाण्यात येऊ शकत नाहीत. आणि जी येऊ शकतात त्यांच्या स्वतःच्या छोट्या क्रेन असतात. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय! क्रेनवाले हसताहेत. हसा बाबांनो, तुम्ही चांगली माणसं आहात. रोज वर चढून तिला तेलपाणी करता आणि खाली उतरता.

मोठी जहाजं मग पलीकडच्या मोठ्या बंदराकडे वळली. तिथे खोल पाणी आहे, तिथे सगळं आहे. आमच्याकडे उरलं ते गव्हाचं जहाज. उधाणाच्या भरतीला, पाणी सगळ्यात वर चढलं की, तेवढ्या वेळात आत घ्यायचं. आणि उरले एकटे भावोजी. बाकीचे पायलट एकेक करून तिकडे गेले. पगार चांगला, शाळा चांगली. त्यांना दोष कोण देणार?

आता माझ्या भाचीबद्दल बोलायचंय. भावोजींनी मला बजावलं होतं, "तिचा विषय काढू नकोस." भावोजी, मोठ्या मनानं माफ करा. तिचा विषय न काढता तुमच्याबद्दल काय बोलू?

आमची भाची मोठ्या जहाजांवर अधिकारी होती. परदेशी कंपनी, गणवेश, सगळं जग पाहिलेली पोर. एके दिवशी बॅग घेऊन घरी आली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्यानंतर इथे कोण?" भावोजी म्हणाले, "कोणी नाही." ती म्हणाली, "मग मी." ताई रडली, भांडली, दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मीही म्हटलं, "अगं, भरलेलं ताट लाथाडून ह्या गाळात कशाला येतेस?" तर म्हणते कशी, "मामा, पायलट नसेल तर नियमानं बंदरात जहाज घेता येत नाही. बाबा निवृत्त झाले की बंदर बंद. मग तू दोरखंड कोणाला विकणार? गुरांना?"

मी तिची बॅग उचलून आत नेऊन ठेवली.

तर परवान्याचा नियम असा. उमेदवारानं जुन्या पायलटच्या देखरेखीखाली ठरलेली जहाजं स्वतः आत आणून धक्क्याला लावायची. धक्क्याला लागलं तरच ते धरलं जातं. मोठ्या बंदरात हे काम एका पावसाळ्यात उरकतं. आमच्याकडे जहाजंच येईनात. पोर वाट बघत बसली. जहाज आलं की बाप बाजूला हाताची घडी घालून उभा, आणि ही हुकूम देणार. असं करत करत शेवटी एकच जहाज उरलं. एक. ते लावलं की परवाना हातात. आणि भावोजींच्या निवृत्तीआधी उधाणाची भरतीही एकच उरली होती. गव्हाचं जहाज त्याच भरतीला यायचं होतं. कसं जुळून आलं होतं बघा! ताईनं नवीन पडदे लावले. का लावले ते तिलाच माहीत. मी विचारलं, तर म्हणाली, "माणसाला आनंद झाला की काहीतरी लावावंसं वाटतं."

आणि मग आपण सगळ्यांनी काय केलं?

पाहुण्यांसाठी पुन्हा सांगतो. ह्या बंदराची एक जुनी रीत आहे. पायलट आपलं शेवटचं जहाज घेऊन येतो, तेव्हा गावातल्या सगळ्या बोटी त्याला सामोऱ्या जातात. जहाजं ओढणारे टग, मासेमारीच्या होड्या, फेरीबोट, सगळ्या. भोंगे वाजवत त्याला मिरवत आत आणतात. भावोजी ज्यांच्याकडे शिकले त्या जुन्या पायलटला, त्यांच्या गुरूला, असंच आणलं होतं, मी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलंय. काय दिवस होता तो! आपण ठरवलं, भावोजींनाही असंच आणायचं. आणि ह्या वेळी तर जोडीला लेकसुद्धा! समिती झाली. पताका झाल्या. शाळेचा बँड फेरीबोटीवर चढवायचा ठरला. आपले अध्यक्ष, बंदर अधिकारी साहेब, म्हणाले, "लेखी परवानगी माझी."

भावोजींना कुणकुण लागली. ते समितीकडे आले आणि म्हणाले, "हे काही करू नका, मला नकोय." आपण काय समजलो? आपल्याकडे माणूस नको म्हणाला की आणखी एक वाढायचं असतं. आपल्याला वाटलं, विनय. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, आपल्याला वाटलं, संकोच. समितीतले एक जण तर म्हणाले, "बघा, किती साधा माणूस! आता तर करायलाच हवं." साध्या माणसानं शेवटी खुलासा केला, "वाट अरुंद झालीये हो." तेव्हा सगळे पताकांच्या रंगावरून भांडत होते. गुरूच्या काळी खाडी रुंद होती, खोल होती, दहा बोटी आडव्या आल्या तरी जहाज निवांत जायचं. पाणी गेलं आणि रीत तेवढी राहिली, हे आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. रोज त्याच पाण्यावर पोट भरणारी माणसं आपण!

सकाळ छान होती. ऊन कोवळं, वारा पडलेला. मी फेरीबोटीवर होतो, बँडच्या शेजारी. बाहेरच्या बोयापाशी, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या पिंपापाशी, जहाज दिसलं, गव्हानं खोल बुडालेलं. वरती, नियंत्रणकक्षाच्या बाहेरच्या गॅलरीत माझी भाची. शेजारी भावोजी, हाताची घडी घालून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग आपण सगळे त्या वळणावर गेलो, जिथे वाट सगळ्यात चिंचोळी आहे. का? तर तिथून दर्शन चांगलं होतं.

भोंगे सुरू झाले. बँड सुरू झाला. पोर वायरलेसवर ओरडत होती, "वाट मोकळी करा, वाट मोकळी करा." पण त्या गदारोळात वायरलेस कोणाला ऐकू येणार? मग ती गॅलरीत येऊन दोन्ही हात हलवायला लागली. बाजूला व्हा, बाजूला व्हा. आपण काय केलं? आपणही हात हलवले. तिनं आणखी जोरात हलवले, आपण आणखी जोरात हलवले. मी तर टोपी काढून हलवली. "बघा, पोरीला किती आनंद झालाय!" असं मी बँडमास्तरला म्हणालो.

जहाजाला होडीसारखं थांबता येत नाही. वेग कमी केला तर सुकाणू चालत नाही आणि प्रवाह त्याला गाळावर नेऊन टाकतो. वेग ठेवला तर समोर आपण, आपली लेकरं, बँड. माझ्या भाचीनं एका क्षणात ठरवलं. वळणाआधी जी थोडी मोकळी जागा आहे, तिथेच तिनं ते अजस्र धूड एक नांगर टाकून जागच्या जागी फिरवलं आणि परत समुद्राकडे नेलं. कोणाच्या होडीला साधा ओरखडा नाही. भावोजी नंतर मला म्हणाले, "इतक्या वर्षांत मी असं जहाज फिरवलेलं नाही. मला जमलंही नसतं." त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता, काढायची वेळच तिनं येऊ दिली नाही. आपल्याला आधी वाटलं, हाही सोहळ्याचाच भाग आहे. टाळ्या वाजल्या. जहाजाची पाठ लहान लहान होत गेली तेव्हा कुठे बँड थांबला.

बोटी पांगेपर्यंत भरतीचं पाणी उतरलं. पुढचं उधाण भावोजींच्या निवृत्तीनंतरचं. जहाजाच्या कंपनीनं दुपारीच कप्तानाला कळवलं, मोठ्या बंदराकडे निघा. आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या वेळापत्रकातून आपलं बंदर गेलं. वाटेत गर्दी असते, भरवसा नाही, असं कारण दिलं. गर्दी! वर्षानुवर्षं ज्या बंदरात कुत्रं फिरकत नव्हतं, ते गर्दीमुळे बंद झालं. हसावं की रडावं?

अध्यक्षसाहेबांनी भावोजींना मुदतवाढ मिळावी म्हणून धावपळ केली. केली, मी साक्षीदार आहे. उत्तर आलं, वयाचा नियम सर्वांना सारखा. त्या फिरवलेल्या जहाजाचं काय, असंही विचारून पाहिलं. उत्तर आलं, धक्क्याला लागलेलं नाही, धरता येणार नाही. आणि समजा धरलं असतं, तरी तो परवाना घेऊन तिनं काय करायचं होतं? आणायला जहाज कुठे आहे?

पीठगिरणीचा गहू आता मोठ्या बंदरात उतरतो आणि ट्रकनं आपल्याकडे येतो. मालकांनी पिठाचा भाव वाढवला म्हणून कुरकुर चाललीये, पण ते तरी काय करतील? अर्ध्या जगाचा समुद्र ओलांडून गहू येतो तो स्वस्तात, आणि शेवटचा घाटरस्ता उतरताना महाग होतो. प्रमुख पाहुणे, तुमच्या पुढच्या भाषणात हे घाला. वाहतूकदारांचे अध्यक्ष खूश असतील असं कोणाला वाटत असेल, तर त्यांनाही विचारा. मोठ्या बंदरातल्या बड्या कंत्राटदारांनी त्यांचे ट्रक फाटकाशी अडवून ठेवलेत. माझ्या दुकानात निम्मं शटर खाली असतं. कधी कोणी दोरी मागायला येतं, कपडे वाळत घालायची.

तुम्ही म्हणाल, निरोपाच्या दिवशी काहीतरी आशेचं बोला. शोधलं हो. तीन रात्री शोधलं. सापडलं नाही.

जहाज परत फिरलं त्या दिवशी संध्याकाळी मी ताईकडे गेलो. पोर जिन्याच्या खुंटीला लाइफजॅकेट अडकवत होती. ताईनं विचारलं, "जेवतेस ना?" ती म्हणाली, "वाढ." चौघं जेवायला बसलो. मी म्हटलं, "बेटा, आम्हाला शिव्या तरी घाल. मी टोपी हलवत होतो गं." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "मामा, कोणाला घालू? सगळे नवीन कपडे घालून आले होते." एवढं बोलून ती पाणी प्यायली. भावोजी उठून मोरीत हात धुवायला गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

जुन्या कंपनीनं तिला परत घेतलं नाही. समुद्र सोडून फार काळ झाला म्हणे. गिरणीच्या मालकांनी तिला काम दिलंय, त्यांचे उपकार. मोठ्या बंदराच्या आवारात उभं राहून आपल्या गव्हाचे ट्रक भरून घ्यायचे आणि इकडे रवाना करायचे. आजच निघतेय. ती मागच्या दाराशी उभी आहे, बॅग पायाशी ठेवून. वळून बघू नका, तिला आवडत नाही. बापाचा सत्कार संपेपर्यंत थांबेन म्हणाली, म्हणून थांबलीये.

भावोजी, तुमच्याबद्दल शेवटचं. इतक्या वर्षांत तुम्ही एकही जहाज गाळात रुतू दिलं नाहीत. आम्ही बंदर रुतवलं. तरीही आज इस्त्रीचा शर्ट घालून आलात, हार घालून घेतलात, आमच्यासाठी हसलात. तुम्ही आणि ताई सुखी राहा, एवढंच म्हणतो.

अध्यक्षसाहेब, पाहुणे, गिरणीमालक, खुर्च्या मांडणारी मंडळी, सर्वांचे मनापासून आभार. आता राहिलं ते वक्त्यानं चुकल्यामाकल्याची माफी मागायची. ती मागून झाली की श्रोते मनावर न घेता टाळ्या वाजवतात. आज कृपा करून टाळ्या वाजवू नका. ही माफी सभेची नाही.

पोरी, आमचं चुकलं. व्यासपीठावरच्यांचं, खुर्चीवरच्यांचं, मागे उभे असलेल्यांचं, माझं, सगळ्यांचं चुकलं. तुझ्यावर जीव होता म्हणून चुकलं, पण ती काही सबब नाही. माफ करता आलं तर कर. नाही आलं तरी आमचं काही म्हणणं नाही. बस सुटायची वेळ होत आली, तू नीघ. आणि घाबरू नकोस, ह्या वेळी आम्ही कोणी तुला पोहोचवायला येत नाही. रस्ता मोकळा आहे.